पेरणीच्या महिन्यातला प्रवेश

जून लागला की यवतमाळ जिल्ह्यातल्या कास्तकाराच्या घरात दोन खर्च एकदमच उभे राहतात: बियाण्याची पाकिटं आणि कॉलेजचा प्रवेश. कापूस वेचणीला येतो दिवाळीच्या आगेमागे. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर नेला तर चुकारा हाती पडेपर्यंत हिवाळा सरत येतो; खेडा खरेदीवाल्याला घातला तर पैसे लगेच, पण भाव पाडून. त्यामुळे मे-जूनमध्ये घरातली रोकड तळाला गेलेली असते, पीककर्जासाठी बँकेच्या चकरा चालू असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत बारावी झालेल्या पोराचं किंवा पोरीचं पुढचं ठरवायचं असतं. शिष्यवृत्ती आहे, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून ती खात्यात येतेही. पण खोलीभाडं, मेस आणि पुस्तकं तिच्यासाठी थांबत नाहीत. मग घरात ठरतं, ‘सध्या बीएला टाकू, पुढचं पुढं पाहू.’ कुणाच्या आवडीनिवडीचा प्रश्न अजून निघालेलाही नसतो.

पदवीच्या विद्यार्थ्याचं करिअर कशानं ठरतं, याचं पुस्तकी उत्तर मात्र आवडीपासूनच सुरू होतं. अमेरिकेत बोस्टनला फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये तरुणांना व्यवसाय सुचवणारं एक केंद्र काढलं; त्यांचं या विषयावरचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९०९ मध्ये आलं. त्यांचं सूत्र सोपं होतं: स्वतःला ओळखा, कामांची माहिती घ्या, दोन्हींची सांगड घाला. आज जगभर चालणाऱ्या अभिरुची चाचण्या या सूत्राच्याच वारसदार. आपल्याकडे राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची ‘कल चाचणी’ घेतली, तीही त्याच घराण्यातली. कृषी, ललित कला, वाणिज्य, आरोग्य, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे, हे तिच्यातून कळायचं. चाचणी वाईट नव्हती. फक्त ती घेतली जाईपर्यंत बरंच काही ठरून गेलेलं असायचं.

ते कसं, हे लिंडा गॉटफ्रेडसन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८१ मध्ये मांडलं. त्यांच्या मते मूल कामं निवडत नाही, ते कामं खोडत जातं. सहा ते आठ वर्षांच्या वयात ‘हे बायांचं काम, हे माणसांचं’ अशी पहिली काट मारली जाते. पुढे तेरा-चौदापर्यंत दुसरी काट: ‘हे आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचं, आणि हे आपल्याला कमीपणा आणणारं.’ आवड या सगळ्यानंतर येते, उरलेल्या यादीतून निवडायला. आणि पुढे परिस्थितीपुढे नमतं घ्यायची वेळ आली की माणूस सोडतोही उलट क्रमाने: आधी आवड, मग प्रतिष्ठा, आणि बाई-पुरुषाची चौकट सगळ्यात शेवटी. ‘मुलांना आवडीचं क्षेत्र निवडू द्या’ हा सल्ला दर निकालाच्या हंगामात वर्तमानपत्रांतून पडत असतो. गॉटफ्रेडसनबाईंचं म्हणणं खरं धरलं तर तो सल्ला सगळ्यात उशिरा आलेल्या आणि सगळ्यात आधी जाणाऱ्या गोष्टीला दिलेला असतो.

यवतमाळात मुळात यादीच छोटी सुरू होते. घाटंजी किंवा मारेगाव तालुक्यातल्या एखाद्या गावात दर महिन्याला पगार घेणारं कोण दिसतं? जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी, अंगणवाडीच्या ताई, ग्रामसेवक, तलाठी, कृषी सहायक, नर्सबाई, एसटीचा कंडक्टर, फॉरेस्टचा गार्ड, कधीमधी फटफटीवर येणारा बीट जमादार. (यातल्या काहींच्या पदनामात गेल्या दोन-तीन वर्षांत सरकारने ‘अधिकारी’ घातला, गावाने अजून घातलेला नाही.) पगारी नसले तरी रोख कमावणारे म्हणजे कृषी केंद्रवाला, मेडिकलवाला, सेतू केंद्र चालवणारा. डझनभर कामांची ही यादी आणि जिल्ह्यातल्या पदवीधरांच्या स्वप्नांची यादी शेजारी ठेवून पाहिली तर फारसा फरक सापडत नाही. मुंबईत वाढलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००४ च्या एका निबंधात म्हटलं, की आकांक्षा बाळगण्याची क्षमता ही वाट काढत जाण्याची क्षमता आहे, आणि ती समाजात सारखी वाटली गेलेली नाही. सुखवस्तू घरातल्या मुलाला इथून तिथं जाण्याच्या चार वाटा ठाऊक असतात, मधले थांबे माहीत असतात, वाट चुकली तर फोन कुणाला करायचा तेही माहीत असतं. गरीब घरातल्या मुलाला मुक्काम दिसतो, मधले थांबे दिसत नाहीत. इच्छा त्याचीही तेवढीच मोठी असते.

कापसाच्या जिल्ह्यात कापसाची कामंच दिसू नयेत, हा या न दिसण्याचा कळस. शेतकरी गाडी जिनिंगपर्यंत नेतो, तिथे ग्रेडर ओलावा पाहतो, भाव लागतो, गाडी रिकामी होते. पुढे धाग्याची लांबी, ताकद, तलमपणा यंत्रावर मोजणारे तंत्रज्ञ असतात, गाठींची प्रतवारी करणारे असतात, सूतगिरणीत गुणवत्ता पाहणारे असतात, वायदेबाजारावर नजर ठेवणारे असतात. केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून नागपुरात आहे. जिनिंगचं प्रशिक्षण देणारं केंद्रही नागपुरातच. यवतमाळच्या लोहारा औद्योगिक वसाहतीत डेनिमचा मोठा कारखाना उभा आहे, आणि १९९६ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालयात टेक्स्टाइल ही शाखाही चालली. पण पऱ्हाटीच्या वावरात वाढलेल्या पोराला विचारा, कापसात कोणती नोकरी असते? तो म्हणेल, ग्रेडरची. कारण तेवढाच त्याच्या गाडीजवळ येतो.

जिल्हा मोठा आहे, १३ हजार ५८२ चौरस किलोमीटर, सोळा तालुके. आणि प्रत्येक कोपऱ्यातून दिसणारं वेगळं. वणीच्या पोराला अमरावतीचं विद्यापीठ दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. नागपूर त्याहून जवळ आणि चंद्रपूर तर वर्धा नदीपलीकडेच. उमरखेडचं पोरगं पैनगंगा ओलांडून नांदेडला जातं, आणि नांदेड म्हणजे नीटच्या शिकवण्यांचं गाव. त्यामुळे त्या पट्ट्यात डॉक्टर होण्याची भाषा जितकी सहज ऐकू येते तितकी ती झरी-जामणीत ऐकू येत नाही. पुसदने स्वतःपुरतं शिक्षणाचं गाव उभं केलं. तिथलं बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ चं, म्हणजे अमरावती विद्यापीठाच्याच वयाचं. पांढरकवड्यावरून हैदराबादचा महामार्ग जातो. संत गाडगेबाबांच्या नावाचं हे अमरावतीचं विद्यापीठ सगळ्यांना एकच पदवी देतं, पण ती पदवी घेऊन कुठल्या दिशेच्या गाडीत बसायचं, ते स्टँडवर ठरतं.

वणीचं उदाहरण थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. तिथे जमिनीखाली कोळसा आहे आणि वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आहेत. तिची पालक कंपनी कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणानुसार खाणीत गेलेल्या दर दोन एकरांमागे एक नोकरी मिळते. कमी जमीनवाले आपले तुकडे एकत्र करून एकाचं नाव सुचवू शकतात. म्हणजे इथे करिअर सातबाऱ्यापासून सुरू होतं. चार भावांत दोन एकर असेल तर नोकरी एकाला, आणि तो एक कोण, हे घराच्या बैठकीत ठरतं: थोरला, की जास्त शिकलेला, की ज्याचं लग्न अडलंय तो? ज्याचं नाव लागतं त्याची पदवी बहुतेकदा अर्ध्यावर सुटते, आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही. बाकीचे आयटीआयला फिटर-इलेक्ट्रिशियन करतात, कुणी खाणकामाच्या डिप्लोमाकडे वळतो, कुणी कंत्राटदाराच्या डंपरवर बसतो. मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आल्यापासून झरीकडच्या मुलांच्या बोलण्यातही ‘प्लांट’ आला आहे. समुपदेशनाचा एकही तास न होता, एका पिढीत, एका तालुक्याची यादी बदलली. दिसण्याची ताकद ही अशी.

राजकारणातही जिल्ह्याने हेच पाहिलं. वणीत १८८० मध्ये जन्मलेले बापूजी अणे यवतमाळात वकिली करता करता लोकनायक झाले. पुसदजवळच्या गहुली तांड्यावरचे वसंतराव नाईक कायदा शिकले आणि १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षं राज्याचे मुख्यमंत्री राहिले. पुढे पुतणे सुधाकरराव १९९१ मध्ये त्याच खुर्चीवर बसले. तांड्यावरचा माणूस तिथवर पोहोचतो हे बंजारा समाजाने डोळ्यांनी पाहिलं, आणि पुसद-दिग्रस भागात आश्रमशाळा, वसतिगृहं, महाविद्यालयं यांतून गेलेल्या पोरांची रांग लागली. मात्र त्याच भागातल्या काही तांड्यांवरून आजही दसऱ्यानंतर ऊसतोडीला गाड्या जातात. आदर्श दिसणं आणि खिशात खर्ची असणं, दोन्ही लागतं.

आता खरा पेच. जे दिसतं ते ताजं नसतं.

हे कापूस पिकवणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. २०२२ च्या सुरुवातीला कापसाने क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव खाल्ला. पुढच्या खरिपात राज्यात कापसाचा पेरा वाढला, आणि माल निघाला तेव्हा भाव उतरलेला. किती तरी घरांत २०२३ चा उन्हाळा लागला तरी कापूस खोलीत पडून होता. पेरताना हाती असतो गेल्या वर्षीचा भाव, विकताना मिळतो यंदाचा. अर्थशास्त्रात याला कोळ्याच्या जाळ्याचं प्रतिमान म्हणतात, आणि हार्वर्डचे रिचर्ड फ्रीमन यांनी १९७६ मध्ये तेच अमेरिकेतल्या इंजिनिअरांना लावून दाखवलं. पगार चढले की मुलं इंजिनिअरिंगला लोटतात, चार वर्षांनी सगळे एकदम बाहेर पडतात, पगार कोसळतात, पुढची मुलं पाठ फिरवतात, मग पुन्हा तुटवडा. शेतकऱ्याचा फटका एका हंगामाचा. विद्यार्थ्याचा तीन-चार वर्षांचा, आणि मोडून पुन्हा पेरण्याची सोय जवळपास नाही.

विदर्भातल्या डी.एड. या शिक्षक-पदविकेची कहाणी तंतोतंत अशीच घडली. २००० पासून शिक्षणसेवक योजना आली: सुरुवातीला महिना तीन हजार मानधन, तीन वर्षं काढली की कायम. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, गावाजवळची शाळा, पुढे निवृत्तीपर्यंत ठरलेला पगार. मुलींसाठी तर याहून सोयीचं काही नव्हतं. घरच्यांची हरकत नाही, सासरची तर नाहीच. बारावीला चांगले गुण मिळवणारी मुलं इंजिनिअरिंग सोडून डी.एड.कडे वळत, इतका तो भाव होता. मग डी.एड. विद्यालयं गावोगाव निघाली. २०१२ मध्ये सरकारने शिक्षकभरतीला चाप लावला, २०१३ च्या डिसेंबरात राज्यातली पहिली शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) झाली, २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आणि शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल आलं. ज्या घरातल्या ताईने २००४ मध्ये डी.एड. करून नोकरी धरली, तिचं पाहून धाकटीने २०१० मध्ये प्रवेश घेतला. ताईचं सगळं सुरळीत झालेलं दिसत होतं. धाकटी बाहेर पडली ती बंद दारासमोर. तिचा निर्णय चुकीचा होता असं मला म्हणवत नाही. तिच्याकडे जी माहिती होती तिच्यावरून कुणीही तेच केलं असतं.

इंजिनिअरिंगची लाट अशीच चढली आणि उतरली. सध्या वारं फार्मसीचं आहे. मेडिकलचं दुकान तालुक्याच्या चौकात दिसतं, गिऱ्हाईक दिसतं, आणि परवान्यासाठी नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतोच. नवीन फार्मसी महाविद्यालयांवर भारतीय फार्मसी परिषदेने २०१९ मध्ये घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये उठवल्यावर राज्यात महाविद्यालयांची भर पडत गेली. चौकात मात्र दुकानं किती मावणार?

आणि या सगळ्यांवर मात करणारी लाट म्हणजे भरती. पहाटे यवतमाळच्या पोस्टल ग्राउंडवर किंवा एखाद्या गावाच्या डांबरी रस्त्यावर पाहा, पोरं १६०० मीटरची वेळ लावतात, पोरी ८०० मीटरची, कुणी गोळा फेकतो. दिवसभर अभ्यासिका. २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात १७ हजार ४७१ जागा होत्या आणि अर्ज साडेसतरा लाखांच्या वर; एका जागेमागे शंभर. २०२३ च्या तलाठी भरतीत ४ हजार ६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. एका जागेमागे दोनशेहून जास्त. हे आकडे पोरांना पाठ असतात, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त. तरी ती धावतात. शहरातला माणूस याला वेड म्हणतो. मला ते तसं वाटत नाही, आणि त्यामागची कारणं सांगणं हा या लेखाचा निम्मा हेतू आहे.

पहिलं कारण शेतीच. जिल्ह्याची बहुतेक शेती पावसावर. ३० जून २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी ३ हजार ७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. यवतमाळ त्या सहांत होता. आज पदवीच्या वर्गात बसलेली मुलं त्याच सुमारास जन्मली. ती शाळेत होती तेव्हा २०१७ उजाडलं: बोंडअळीने कापूस खाल्ला आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा घरात दर महिन्याच्या एक तारखेला पडणारा पगार म्हणजे आख्ख्या कुटुंबाचा पीकविमा, आणि तोही वेळेवर मिळणारा. मुलगा स्वतःपुरतं करिअर निवडत नसतो. तो घराची जोखीम कमी करत असतो. कॉन्स्टेबलचा पगार खासगी इंजिनिअरपेक्षा कमी असेलही, पण तो बुडत नाही.

दुसरं कारण लग्न. दहा एकर ओलीत असलेल्या मुलाला मुलगी मिळत नाही आणि पंधरा हजारांच्या कंत्राटी नोकरीवाल्याला स्थळं येतात, हे विदर्भातल्या कोणत्याही गावात ऐका. सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये नवरदेवांच्या वेशातल्या तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला, तेव्हा वाहिन्यांनी तो गमतीने दाखवला. गंमत नव्हती. मुलीचा बाप ‘नोकरीवाला’ मागतो, कारण त्याने आपल्या बायकोचे हात वावरात पाहिलेले असतात. करिअरच्या कोणत्याही सिद्धांतात सासऱ्याला जागा नाही. यवतमाळात ती द्यावी लागेल.

तिसरं कारण असं, की तयारी करत राहणं हीसुद्धा एक ओळख आहे. ‘काय करतो?’ या प्रश्नाला ‘एमपीएससी करतो’ हे उत्तर चालतं. ‘काही नाही’ हे चालत नाही. ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ क्रेग जेफ्री यांनी मेरठच्या पदवीधर तरुणांवर ‘टाइमपास’ नावाचं पुस्तक २०१० मध्ये लिहिलं; नोकरीची वाट पाहणं हेच तिथे वर्षानुवर्षांचं काम कसं झालं, हे त्यात आहे. आपल्याकडे वाट पाहण्याला अभ्यासिकेचं कार्ड असतं, एवढाच फरक. एमपीएससीची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३, त्यामुळे ‘अजून एक चान्स’ म्हणायला जागाही भरपूर. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. हा बदल पुढे ढकलावा म्हणून २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात जे तरुण रस्त्यावर उतरले, त्यांचं म्हणणं हेच होतं, की चार वर्षं ज्या भावाने पेरलं तो भाव ऐन काढणीला बदलू नका.

मुलींचं गणित याहून वेगळं आहे, आणि ते बरंचसं एसटीच्या वेळापत्रकात असतं. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास बारावीपर्यंत. पुढे सवलतीचा पास, आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. म्हणजे पैशाची अडचण कमी झाली. वेळेची झाली नाही. बीएस्सीला दुपारची प्रॅक्टिकल असतात, आणि गावाची शेवटची गाडी प्रॅक्टिकलची वाट पाहत नाही. बीएचे तास सकाळी आटोपतात. कित्येक मुलींची विद्याशाखा अशी ठरते आणि मग आपण म्हणतो, मुलींना विज्ञानाची आवड कमी. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकारने संपूर्ण माफ केली. मोठी गोष्ट आहे. पण नागपूर-अमरावतीत खोली करून राहायचं म्हटलं की पुन्हा भाडं, मेस, आणि ‘पोरीला एकटीला कसं ठेवायचं’ हे आलंच.

तरी ही चौकटही हलते, आणि ती कशी हलते हे मोजलं गेलं आहे. पश्चिम बंगालमध्ये आरक्षणामुळे ज्या गावांत दोनदा महिला प्रधान झाल्या, तिथल्या किशोरवयीन मुला-मुलींच्या आकांक्षांमधली दरी ३२ टक्क्यांनी कमी झाली. लोरी बीमन, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. महत्त्वाचं म्हणजे त्या प्रधानांनी मुलींसाठी काही खास योजना राबवल्या म्हणून हे घडलं असं दिसलं नाही. बाई खुर्चीवर बसलेली दिसली, एवढंच. त्याच वर्षी रॉबर्ट जेन्सन यांचा उत्तर भारतातल्या खेड्यांचा अभ्यास छापून आला. कॉल सेंटरसारख्या नोकऱ्यांची माहिती देणारे लोक काही गावांत तीन वर्षं जात राहिले. त्या गावांत तरुणी नोकरीला लागण्याचं प्रमाण वाढलं, लग्नं लांबली, शाळकरी मुलींना जास्त शिकवलं जाऊ लागलं. फी माफ झाली नव्हती, वसतिगृह बांधलं नव्हतं. गावाला ताजा भाव कळला होता. महाराष्ट्राने पंचायतींत महिलांना निम्म्या जागा २०११ मध्ये दिल्या. यवतमाळात सरपंचबाईंच्या मागे बसून कारभार करणारे पती आहेत, हे खरंच. पण वीस वर्षांच्या मुलीने आयुष्यभर पाटीवर बाईचं नावही पाहिलेलं असतं.

एक घटक असा आहे ज्याचा उल्लेख करिअरच्या पुस्तकांत कधी सापडणार नाही: व्हॅलिडिटी. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं तर जात पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले. कोलामांच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या घरात, जिथे शाळेत गेलेली ही पहिलीच पिढी, तिथे पणजोबांचा दाखला आणायचा कुठून? साध्या बीए-बीएस्सीच्या प्रवेशाला एवढी कागदं लागत नाहीत. म्हणून गुण असूनही फार्मसी किंवा इंजिनिअरिंग सुटतं आणि बीए मिळतं. गोंड, कोलाम, आंध, परधान मुलांच्या निवडीवर बोलताना ‘मानसिकता’ हा शब्द वापरणाऱ्यांनी एकदा पडताळणीची फाइल उघडून पाहावी.

माहिती येते ती कुठून, हेही पाहायला हवं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं, की नोकरीची बातमी सख्ख्या मित्रापेक्षा जुजबी ओळखीच्या माणसाकडून येण्याचा संभव जास्त. मित्राला तेच माहीत असतं जे आपल्याला असतं. यवतमाळच्या विद्यार्थ्याची जुजबी ओळख म्हणजे रूम पार्टनर. नेरचा मुलगा अमरावतीत बुलढाण्याच्या मुलाबरोबर राहतो, त्याचा मावसभाऊ चाकणला असतो, आणि सहा महिन्यांनी नेरचा मुलगा चाकणच्या कंपनीत कंत्राटावर लागतो. ज्याने खोली केली नाही, गावाहून ये-जा केली, त्याला अशी ओळख होतच नाही. त्याच्या मोबाइलवर भरतीचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात, म्हणजे पुन्हा तीच डझनभर कामं. प्राध्यापकांकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. तासिका तत्त्वावर शिकवणारा, स्वतःच सेट-नेट होऊन जागेची वाट पाहणारा माणूस मुलांना कोणत्या तोंडाने सांगणार, की आवडीच्या विषयात झोकून द्या?

२०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण आलं आणि त्यात पदवीलाच ‘ऑन जॉब ट्रेनिंग’चे श्रेयांक जोडले गेले. कल्पना नेमकी हवी ती आहे, कारण ती मुलाला आवड विचारत नाही, काम दाखवते. जिनिंग-प्रेसिंग, कृषी विज्ञान केंद्र, खाणीचं कार्यालय, टिपेश्वर अभयारण्य, सहकारी पतसंस्था, तालुक्याचं न्यायालय: म्हटलं तर जिल्ह्यात जागा आहेत. पण झरी-जामणीच्या शंभर मुलांना एकदम कुठे पाठवायचं, हा प्रश्न आला की ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का असलेलं प्रमाणपत्र हे त्याचं सोपं उत्तर तयारच असतं.

त्यापेक्षा कमी खर्चाचं एक काम आहे. बाजार समितीत रोजचा भाव फळ्यावर लागतो. महाविद्यालयात लागत नाही. राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना किती मुलांना नोकरी लागली आणि मधला पगार किती, हे जाहीर करावं लागतं; त्या क्रमवारीत न उतरणाऱ्या कला-वाणिज्यच्या महाविद्यालयावर तशी सक्ती नाही. माजी विद्यार्थी संघ मात्र नॅकच्या मूल्यांकनाच्या फाइलसाठी बहुतेकांनी स्थापन केलेला असतो, यादी असते, फोन नंबर असतात. गेल्या पाच वर्षांच्या बीएच्या तुकड्यांतलं कोण सध्या काय करतंय, नाव न लावता, वर्षासकट, पगारासकट, ‘तयारी करतोय’वाल्यांच्या आकड्यासकट, प्रवेश सुरू व्हायच्या आधी मे महिन्यात दारात लावायचं. काही संस्थाचालकांना ते परवडणार नाही, आणि का परवडणार नाही हेही त्या कागदावरून कळेल.